अडुळशाच्या पानाला विचारलेले दोन प्रश्न



कोहमाऱ्याच्या चौकात औषधाच्या दुकानात जाऊन खोकल्याची बाटली मागितली, तर दुकानदार दोन-चार बाटल्या समोर ठेवतो. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर बारीक अक्षरात 'ब्रोमहेक्झिन' नाहीतर 'अम्ब्रोक्सॉल' असं लिहिलेलं असतं. आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे की या अवघड नावांचं मूळ आपल्या सांदवाडीच्या कुंपणात आहे? ते मूळ म्हणजे अडुळसा. त्या पानापासून या बाटलीपर्यंतचा रस्ता जवळजवळ पाऊणशे वर्षांचा आहे. त्याच रस्त्यावर या पानाविषयी आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती गोष्ट आपल्या बायांच्या, त्यातही पोटुशी बायांच्या कामाची आहे. आजच्या भाषणात आम्ही हा इतिहास सांगणार आहोत.

आधी झुडपाची ओळख. तशी ती सगळ्यांना आहेच. लांबट, टोकदार, गर्द हिरवी पानं, पांढरी फुलं, आणि चव अशी कडू की तोंड वाकडं व्हावं. शेळी दिसेल ते झाड ओरबाडते, पण अडुळशाला तोंड लावत नाही. म्हणून तर तो कुंपणाला लावतात. गंमत अशी की त्याचं शास्त्रीय नावसुद्धा शेळीवरूनच आलं आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली या झुडपाला 'जस्टिशिया अधातोडा' असं नाव दिलं. 'अधातोडा' हा शब्द दक्षिणेकडच्या 'आडातोडै' या नावावरून घेतला आहे. त्याचा अर्थ, शेळी ज्याला शिवत नाही ते. शेळ्या राखणाऱ्यांनी जे रोज पाहिलं, ते जगाच्या वनस्पतीशास्त्रात जाऊन बसलं.

औषध म्हणून अडुळसा आपल्याकडे फार जुना आहे. आयुर्वेदात त्याला 'वासा' म्हणतात. खोकला, दमा, कफातून रक्त पडणं आणि क्षय यांवर तो सांगितला आहे. घरोघरी पानं उकळून काढा करतात, मधात रस देतात. ताज्या पानांचा रस सहजी निघत नाही, म्हणून पानं वाफवून किंवा गरम राखेत भाजून मग पिळायची, ही युक्तीही जुनीच. वासावलेह आणि वासारिष्ट आजही दुकानात मिळतात. म्हणजे 'खोकल्याला अडुळसा' हे ज्ञान कोणा शास्त्रज्ञानं आपल्याला शिकवलेलं नाही. मग त्याची तपासणी कशाला हवी होती? या प्रश्नाचं उत्तर पुढे आपोआप मिळेल.

आता मुंबईला जाऊ या. साल साधारण १८८०. तेव्हा सरकारी दवाखान्यांना लागणारी बहुतेक औषधं विलायतेहून बोटीनं येत. ती महाग पडत. मुंबईच्या बाजारात मात्र काष्ठौषधींची पोती भरलेली असत. या देशी औषधांची नीट नोंद करावी असं काही डॉक्टरांना वाटू लागलं. त्यांतले एक होते डॉ. सखाराम अर्जुन. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतीशास्त्र शिकवत. १८७९ साली त्यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधांची सूची छापली. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांमध्ये दोघेच भारतीय होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे डॉ. सखाराम अर्जुन.

मैत्रिणींनो, डॉ. सखाराम अर्जुन यांची आणखी एक ओळख आपल्याला जवळची वाटेल. ते रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आणि पुढे १८९४ साली डॉक्टर झालेल्या त्या रखमाबाई त्यांच्याच घरात वाढल्या. ज्या घरात झाडपाल्याच्या औषधांची शास्त्रीय नोंद होत होती, त्याच घरातून बायांवर उपचार करणारी आपल्या देशातली एक पहिली डॉक्टर निघाली.

त्याच काळात मुंबईत विल्यम डाइमॉक नावाचे इंग्रज डॉक्टर सरकारी औषध भांडाराचे प्रमुख होते. पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. पुढे कलकत्त्याचे वॉर्डन आणि उटकमंडचे डेव्हिड हूपर या दोघांना सोबत घेऊन त्यांनी 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा तीन खंडांचा ग्रंथ १८९० ते १८९३ या वर्षांत काढला. कोणती वनस्पती कुठे उगवते, लोक तिला काय म्हणतात, कशासाठी वापरतात आणि तिच्यात कोणता घटक सापडतो, हे सारं त्यात आहे. ग्रंथावर नावं तिघांची आहेत. पण त्यातली वापराची माहिती बाजारातले काष्ठौषधी विकणारे, वैद्य, हकीम आणि घरात काढा उकळणाऱ्या बाया यांच्याच अनुभवातून आलेली आहे, हे आपण विसरू नये.

यातले हूपर हे अडुळशाच्या कथेतले महत्त्वाचे गृहस्थ. निलगिरीच्या डोंगरात सिंकोना नावाच्या झाडाची सरकारी लागवड होती. त्याच्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन काढत. त्या सालीत क्विनीन किती आहे हे तपासण्याचं काम हूपर यांच्याकडे होतं. कडू सालीतून औषधाचा घटक वेगळा काढायचा हात त्यांना बसलेला होता. तोच हात त्यांनी कडू अडुळशावर चालवला. १८८८ साली त्यांनी अडुळशाच्या पानातून एक घटक वेगळा काढला आणि 'वासा'वरून त्याचं नाव ठेवलं 'वासिसिन'.

हा घटक ज्या कुळातला आहे त्याला अल्कलॉइड म्हणतात. चहातलं कॅफीन, तंबाखूतलं निकोटीन, सिंकोनातलं क्विनीन ही सगळी त्याच कुळातली. झाड हे घटक आपल्यासाठी तयार करत नाही. किडीनं, जनावरानं खाऊ नये म्हणून ते झाडाच्या कामाचे असतात. शेळी अडुळशाला का शिवत नाही, याचं उत्तर यात आहे. पानांचा अर्क बारीक किड्यांना, जळवांना, बेडकांना बाधतो, असं त्या काळच्या प्रयोगांत दिसलं. तिकडे सतलजच्या खोऱ्यात धानाच्या शेतात पाणी भरलं की शेतकरी अडुळशाची पानं टाकत, म्हणजे पाण्यातलं तण मरतं, अशी नोंदही त्या काळच्या ग्रंथांत सापडते. आपण तर धानाच्याच मुलखातल्या. बांधीत कोणता पाला टाकला की काय होतं, ही माहिती आपल्याला नवी नाही.

पण या नोंदीत एक इशारा होता. जे पान एका जिवाला बाधतं, ते माणसाच्या शरीरातही काहीतरी करत असणार. काही न करणारं पान औषध होऊ शकत नाही, आणि जे काहीतरी करतं ते प्रत्येकाला सारखंच मानवेल असंही नाही. म्हणून कुठल्याही पानाच्या तपासणीत दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, याचा उपयोग होतो का? दुसरा, यानं कुणाला अपाय होतो का? अडुळशाच्या बाबतीत पहिला प्रश्न लगेच विचारला गेला. दुसऱ्याला फार वेळ लागला.

पहिल्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते बघू. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी १९२० च्या दशकात देशी औषधं एकेक करून प्रयोगशाळेत तपासायला घेतली. १९२५ साली त्यांनी आणि घोष यांनी अडुळशावरचे निष्कर्ष छापले. वासिसिनमुळे श्वासनलिका थोडी सैल होते, आणि अडुळशामुळे कफ सुटायला मदत होते, असं त्यांना दिसलं. म्हणजे आपल्या आज्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पुढे १९५९ साली अमीन आणि मेहता या भारतीय संशोधकांनी 'नेचर' या नावाजलेल्या नियतकालिकात अडुळशातल्या दुसऱ्या एका घटकाची माहिती दिली. त्याचं नाव वासिसिनोन. हाही श्वासनलिका सैल करतो, असं त्यांनी दाखवलं. वासिसिनला हवा लागली की त्याचं वासिसिनोन होतं. इथे आपल्या लक्षात येईल की पान ताजं वापरलं की वाळवून, लगेच वापरलं की ठेवून, यानं आतला माल बदलतो. पुढच्या काळात वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळेनात, त्याचं एक कारण हेही आहे. वाळलेल्या पानात हे अल्कलॉइड साधारण अर्धा ते दोन टक्के असतात. म्हणजे एका झुडपाच्या पानात दुसऱ्या झुडपापेक्षा चौपट असू शकतात. 'दहा पानं उकळा' असं आपण सांगतो, तेव्हा त्या दहा पानांत औषध किती गेलं हे कोणालाच सांगता येत नाही.

कंपन्यांनी ही अडचण आपल्या पद्धतीनं सोडवली. जर्मनीत बोरिंगर इंगेलहाइम या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी वासिसिनचा साचा समोर ठेवून त्यासारखा, पण फेरफार केलेला पदार्थ कारखान्यात तयार केला. तो म्हणजे ब्रोमहेक्झिन. १९६३ साली तो बाजारात आला. चिकट कफ पातळ करायचं काम तो करतो. ब्रोमहेक्झिन पोटात गेल्यावर शरीरात त्यापासून जो पदार्थ बनतो तो अम्ब्रोक्सॉल, आणि पुढे तोही वेगळं औषध म्हणून विकला जाऊ लागला. कोहमाऱ्याच्या दुकानातल्या बाटलीची ही वंशावळ. त्या बाटलीत अडुळशाचं पान नाही, पण पानाकडून घेतलेली कल्पना आहे.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी थोडं जगाकडे बघावं लागेल. १९५७ साली पश्चिम जर्मनीत 'थॅलिडोमाइड' नावाची झोपेची गोळी विकायला आली. अगदी निर्धोक अशी तिची जाहिरात होती. गरोदर बायांनी मळमळ थांबावी म्हणून ती घेतली. काही वर्षांतच हात-पाय पूर्ण न वाढलेली बाळं जन्माला येऊ लागली. जगभरात अशी सुमारे दहा हजार बाळं जन्मली, असं मानतात. १९६१ च्या नोव्हेंबरात ती गोळी मागे घेतली गेली. अमेरिकेत मात्र ती विकायला परवानगीच मिळाली नव्हती. कारण तिथल्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई होत्या. कंपनी पुन्हा पुन्हा मागे लागली, तरी 'पुरावा अपुरा आहे' असं म्हणून त्यांनी सही केली नाही. त्या एका बाईच्या हट्टामुळे कितीतरी आयांच्या वाट्याचं दुःख टळलं. त्यानंतर जगभर औषधांचे कायदे कडक झाले. 'गरोदरपणात हे औषध चालेल का?' हा प्रश्न प्रत्येक औषधाला विचारला जाऊ लागला.

आपल्याकडे हा प्रश्न अडुळशापर्यंत पोचला तो जम्मूमध्ये. तिथल्या रिजनल रिसर्च लॅबोरेटरीत डॉ. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात वासिसिनचा पुन्हा कसून अभ्यास केला. या संस्थेचं आजचं नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन. त्यांना दिसलं की वासिसिन श्वासनलिकेवर काम करतं तसंच गर्भाशयावरही करतं. गर्भाशय आकुंचन पावतं. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून दवाखान्यात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, ते आपल्याला माहीत आहे. वासिसिनचा परिणाम त्याच जातीचा निघाला. १९८० च्या सुमारास जम्मूच्या या मंडळींनी ते काम सविस्तर मांडलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला याचा उपयोग होईल का, असाही विचार त्यांनी केला होता. पण त्याच अभ्यासातून हेही समोर आलं की पोटुशी बाईला हा घटक धोक्याचा ठरू शकतो.

हूपर यांनी वासिसिन काढलं १८८८ साली, आणि ते गर्भाशयावर काम करतं हे नीट कळायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की या परिणामाचा धागा आपल्याकडे आधीपासून होता. प्रसूती सुखानं व्हावी म्हणून अडुळशाच्या मुळाचा लेप जुन्या वैद्यकग्रंथांत सांगितलेला आहे. म्हणजे एकीकडे बाळंतपण सोडवायला अडुळसा आणि दुसरीकडे खोकल्याला अडुळसा, हे दोन्ही आपल्याच परंपरेत होतं. पण खोकल्याचा काढा देणाऱ्यानं त्या लेपाचा विचार केला नाही, आणि लेप लावणाऱ्यानं काढ्याचा केला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या असत्या, तर 'मग पोटुशी बाईला काढा कसा द्यायचा?' हा प्रश्न आपल्याच ओसरीवर कुणीतरी विचारला असता.

इथे आम्हाला एक गोष्ट स्वच्छ सांगायची आहे. एक कप काढा प्यायला की गर्भ पडतोच, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. उंदरांना पानांचा अर्क देऊन जे प्रयोग झाले, त्यांत काही ठिकाणी गर्भ पडले, काही ठिकाणी काहीच झालं नाही. शुद्ध वासिसिनचा परिणाम आणि काढ्यातल्या थोड्या वासिसिनचा परिणाम यांत फरक असणारच. पण शंका खरी आहे, आणि काढ्यात किती गेलं हे मोजता येत नाही. म्हणून गरोदरपणात अडुळसा पोटात घेऊ नये, असंच जाणकार सांगतात. खोकला काय, तो इतर उपायांनीही बरा होतो. गेलेला गर्भ परत येत नाही.

आणि ही गोष्ट फक्त घरच्या काढ्यापुरती नाही. 'हर्बल', 'आयुर्वेदिक', 'साइड इफेक्ट नाही' असं छापलेल्या खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांत 'वासा', 'वासाका' किंवा 'अधातोडा' या नावानं अडुळसा असतो. बाटलीच्या मागची यादी वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. दिवस गेलेत अशी शंका असेल तरी दुकानदाराला आधी सांगा.

अडुळशाशी जोडलेली आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे क्षय, आपण ज्याला टीबी म्हणतो. जुन्या काळी क्षयावर अडुळसा देत, कारण दुसरं काही नव्हतंच. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केलं की क्षय एका जंतूमुळे होतो. तोपर्यंत लांबलेला खोकला म्हणजे नेमकं काय, हे वेगळं करून सांगणं अवघड होतं. आणि त्या जंतूला मारणारं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडलं. मधल्या काळात अडुळशानं कितीतरी रोग्यांना थोडा आराम दिला असेल. पण कफ सुटला म्हणजे जंतू मेला असं होत नाही. आजही अडचण इथेच होते. काढ्यानं बरं वाटतं, म्हणून तपासणी महिनाभर पुढे ढकलली जाते, आणि तेवढ्या दिवसांत घरातल्या लेकरांना लागण होते. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी अंगात कणकण राहत असेल, वजन उतरत असेल, तर आशाताईला सांगून थुंकी तपासून घ्यावी. तपासणी फुकट, औषध फुकट. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, तो मधे सोडायचा नाही.

आता थोडं तपासणीच्या पद्धतीविषयी. आपल्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात औषधी झाडांची वाण नाही. 'अमक्या पानाच्या अर्कात कर्करोग मारायची ताकद सापडली', 'तमक्या पाल्यानं साखर उतरली' अशा बातम्या आपण ऐकतो. बातमी खरीसुद्धा असते. पण ती तपासणीच्या कोणत्या पायरीवरची आहे, हे विचारायला पाहिजे.

पहिली पायरी अशी. पान नीट ओळखायचं, सावलीत वाळवायचं, भुकटी करायची. ती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, आणि आटवून अर्क काढायचा. दुसरी पायरी, काचेच्या बशीतल्या जंतूंवर किंवा पेशींवर तो अर्क टाकून बघायचा. इथे बहुतेक बातम्या तयार होतात. पण काचेच्या बशीत तर फिनाईलनंही जंतू मरतात. म्हणून आपण फिनाईल पीत नाही. तिसरी पायरी उंदरांवर. चौथी पायरी माणसांवर, आणि तिथेही आधी थोड्या लोकांवर, मग जास्त लोकांवर, आणि ज्यांना ते औषध दिलं नाही अशा रोग्यांशी तुलना करून.

तुलना का पाहिजे, ते एका उदाहरणानं बघू. मुंबईत वरळीच्या पोदार आयुर्वेदिक रुग्णालयातल्या आणि इतर संशोधकांनी हिवतापावर पारिजातकाच्या पानांचा अभ्यास केला. तो २००८ साली छापून आला. हिवतापाच्या १२० रोग्यांना पारिजातकाच्या ताज्या पानांचा कल्क दिला. ९२ जण सात दिवसांत बरे झाले, आणखी २० जण दहा दिवसांत, आणि ८ जणांना गुण आला नाही. आकडे आशा वाटावी असे आहेत. संशोधकांनी हे काम पुढेही चालू ठेवलं. पण या १२० जणांत आपण स्वतःला बघू या. त्या ८ जणांचं काय? रुग्णालयात होते, रोज रक्त तपासलं जात होतं, म्हणून गुण नाही हे वेळेवर कळलं. आपल्या भागात पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत ताप येतो. त्यातला फाल्सिपेरम जातीचा हिवताप दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. घरी बसून पारिजातकाचा कल्क घेणारी बाई त्या ९२ मधली आहे की ८ मधली, हे घरी कळायचा मार्ग नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, आणि गोळ्या पूर्ण घ्यायच्या. पारिजातकाची तपासणी चालू राहो, ती झाली पाहिजे. पण ती आपल्या अंगणात, आपल्या लेकरावर व्हायला नको.

आणखी एक. उद्या कोणी गावात येऊन म्हणालं, की 'आम्ही या पानाचं औषध तपासतो आहोत, तुम्ही घेऊन बघा', तर काय करायचं? विचारायचं. या कामाला नैतिकता समितीची परवानगी आहे का? सगळं मराठीत लिहून दिलं आहे का? काही बिघडलं तर खर्च कोण करणार? मधेच नाही म्हणता येईल का? आपल्या देशात माणसांवरच्या औषध-चाचण्यांची नोंद ठेवणारं सरकारी नोंदणी-पुस्तक २००७ सालापासून सुरू आहे, आणि २००९ पासून अशी नोंद करणं बंधनकारक आहे. ज्याचं काम चोख असेल त्याला आपल्या प्रश्नांचा राग येणार नाही. आणि पोटुशी बाईनं, अंगावर पाजणाऱ्या बाईनं, हे दोन शब्द सांगितल्याशिवाय कुठलंच औषध घेऊ नये, मग ते कारखान्यातलं असो की कुंपणातलं.

काही बाया म्हणतात, ही तपासणीची भाषा म्हणजे आपल्या जुन्या ज्ञानाचा अपमान आहे. आम्हाला तसं वाटत नाही. अडुळशाच्या इतिहासात तपासणीनं आज्यांचं म्हणणं खरं ठरवलं. कफ सुटतो हे त्यांना माहीत होतं, कलकत्त्यात आणि मुंबईत ते सिद्ध झालं, जर्मनीत त्यावर कारखाना उभा राहिला. त्याच तपासणीनं जम्मूमध्ये आपल्याला सांगितलं की हे पान कुणाला द्यायचं नाही. ही दुसरी माहितीही आपलीच आहे. ती आज्यांच्या माहितीच्या शेजारी ठेवायची आहे. 'खोकल्याला अडुळसा' हे वाक्य आपण सासूकडून, आईकडून ऐकलं. आपल्या लेकी-सुनांना सांगताना त्याला पुढचं अर्धं वाक्य जोडून सांगू या: 'पण पोटात बाळ असताना नको, आणि दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकी तपासायची.'

आपल्या गावात, टोलीवर, कोणत्या पानाचा वापर गरोदर बाईसाठी टाळतात, आणि का टाळतात, हे म्हाताऱ्या बायांना विचारून ठेवा. त्यांच्या 'नको' म्हणण्यातही पुष्कळ तपासणी दडलेली असते. ती लिहून रेडिओवर पाठवा. आम्ही ती जाणत्या डॉक्टरांना आणि वैद्यांना दाखवू, आणि पुढच्या भाषणात तुमच्यासमोर ठेवू.